ही आणि हिच

"उतर आता," काटेसाहेब म्हणाले, "आणि पिशवी घेऊन पुन्हा चढ."

बायको न्हाणीघरातल्या वजनकाट्यावरून उतरली, पिशवी उचलली आणि पुन्हा चढली. काटेसाहेबांनी गुडघे धरून खाली वाकून आकडा वाचला, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि पिशवीत हात घालून तिची लोकरीची शाल बाहेर काढली.

"तळ्यावर गार असतं हो," बायको म्हणाली.

"असेल. पण गाडीला गारवा कळत नाही. गाडीला फक्त वजन कळतं."

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण ज्या माणसाने सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, आणि घरातलं मीठसुद्धा पुड्यावर लिहिल्याइतकं भरतंय का ते बघितलं, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? बाजाराच्या तोंडाशी त्यांची स्कूटर दिसली, की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला धावत. माणूस चोख. कुणाच्या दुकानात चहाचा घोट घेतला नाही. त्यांच्या शब्दाला बाजारात वजन होतं आणि संध्याकाळी ते वजन ते घरीही घेऊन येत. त्यामुळे घरात दुसऱ्या कुणाच्या शब्दाला जागा उरत नसे.

"रिटायर झालो की फिरायला जाऊ" हा शब्द त्यांनी लग्न झाल्या झाल्याच देऊन टाकला होता. त्या वयात निवृत्ती इतकी लांब असते, की माणूस तिच्या नावावर काहीही कबूल करतो. बायकोने मात्र तो शब्द घडी घालून जपून ठेवला. दुसऱ्यांचे कपडे शिवता शिवता, मशीनचं चाक फिरवता फिरवता ती मधूनच तो काढून बघायची आणि पुन्हा ठेवून द्यायची.

आणि आश्चर्य म्हणजे निवृत्त झाल्यावर काटेसाहेबांनी खरोखरच एक कॅम्पर घेतला. गाडीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली हो. दोन पलंग, एक शेगडी, एक खिडकी. कुणीतरी वापरून विकलेला होता, पण अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा बायकोला तो महालासारखा वाटला. तिने त्याच संध्याकाळी खिडकीला पडदे शिवले. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, आम्ही तळ्यावर जाणार. पुढच्याच आठवड्यात." बहिणीचं त्या तळ्याच्या वाटेवरच्या गावात शिवणकामाचं दुकान होतं. ती म्हणाली, "ताई, तू आधी नीघ, मग मला सांग." बहिणीला मेहुणे चांगले ओळखीचे होते.

पुढच्या आठवड्यात काही कुणी निघालं नाही. कारण कॅम्परचे पैसे देऊन परत येताना काटेसाहेबांनी हमरस्त्यावर एक दृश्य पाहिलं होतं. एक गाडी, तिच्यामागे असाच कॅम्पर. आधी कॅम्परचं ढुंगण जरासं डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे, आणि बघता बघता गाडी एकीकडे तोंड करून आणि कॅम्पर कुशीवर. माणसं वाचली. पण रस्त्यावर पसरलेल्या उशा, एक चप्पल आणि कुणाचं तरी अर्धवट विणलेलं स्वेटर काटेसाहेबांच्या डोळ्यांसमोरून हलेना. ते घाबरले होते. आयुष्यात कुणालाच कधी न घाबरलेला माणूस घाबरला, की तो "मी घाबरलो" असं म्हणत नाही. तो चौकशी करायला लागतो.

चौकशीत कळलं ते असं, की गाडी आणि कॅम्पर यांना जोडणारी जी वस्तू असते, तिला हिच म्हणतात. आणि मागचा कॅम्पर डोलू नये म्हणून तिच्या जोडीला आणखी एक दांडा लावतात. हिच चांगली तर प्रवास चांगला. आता, नवरे मंडळी चारचौघांत बायकोला "ही" म्हणतात, आणि काटेसाहेब आता दिवसभर फोनवर "हिच, हिच" करत होते. त्याचं जे व्हायचं ते झालं.

"माझी हिच जुनी आहे हो," ते एका सकाळी गच्चीत उभे राहून दुकानदाराला ओरडून सांगत होते. "भार सोसत नाही. नुसती कुरकुर करते! बदलून द्या. दणकट पाहिजे. आणि डोलणारी नको!"

शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला टॉवेल खालच्या मजल्यावर पडला. दुपारपर्यंत तीन बायका काहीतरी उसवलेलं घेऊन शिवायला आल्या आणि कुणीच कपड्याचं बोललं नाही. "तुम्ही बऱ्या आहात ना?" एवढंच विचारून गेल्या. बायको संध्याकाळी हसत हसत काटेसाहेबांना म्हणाली, "अहो, तुम्ही मला बदलायला निघालाय म्हणे."

काटेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "छे. तुझं काय मधेच? मी हिचबद्दल बोलत होतो."

बायकोचं हसू तिथेच विरलं. पण ते काटेसाहेबांना दिसलं नाही, कारण त्यांनी मान परत दुकानाच्या माहितीपत्रकात घातली होती.

दुकानदार म्हणजे लोण्यात बुडवलेली जीभ. काटेसाहेबांच्या नोकरीच्या काळात असा माणूस त्यांच्यासमोर उभा राहता तर त्याची तंतरली असती. पण आता काटेसाहेब काउंटरच्या या बाजूला होते, आणि या बाजूला उभं राहायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी साधी गोळ्याची हिच घेतली. घरी येऊन वाचलं, मग डोल थांबवायचा दांडा घेतला. दांडा पावसात घसरतो असं कुठेतरी वाचलं, म्हणून भार वाटून घेणारी मोठी हिच घेतली. ती इतकी जड, की ती उचलताना काटेसाहेबांची कंबर धरली. मग कळलं, की आता एकाच वस्तूत भारही वाटला जातो आणि डोलही थांबतो अशी हिच आली आहे.

"हीच का?" काटेसाहेबांनी विचारलं.

"हीच हिच, साहेब! ही घेतलीत की दुसरीकडे बघायचं नाही."

"मग आधीच्या तिन्ही परत घ्या."

"साहेब," दुकानदाराने छातीवर हात ठेवला, "तुम्ही मागाल तर जीव देईन. पण वंगण लागलेला माल परत घेता येत नाही."

आधीच्या तिन्ही वस्तू गाडीच्या डिकीत गोणपाटाखाली पडल्या. काटेसाहेब म्हणाले, दुकानदाराच्या बापाला परत घ्याव्या लागतील. बापाची आणि त्यांची गाठ काही पडली नाही, आणि चूक डोळ्यांआड झाली की ती झालीच नाही असं मानायची मोठ्या माणसांना सवय असते. गाडी खड्ड्यातून गेली की मागे खडखड व्हायची. "काय वाजतंय हो?" बायको विचारायची. "रस्ता खराब आहे," काटेसाहेब म्हणायचे.

मधल्या काळात सहल कितीदा पुढे ढकलली गेली ते बायकोने मोजणं सोडून दिलं. बहिणीचा फोन यायचा. "ताई, निघालीस?" "नाही गं, हिच बसवायचीय." "ताई, तू ये ना इकडे. माझ्याकडे शिवायला इतकं येतं, हात पुरत नाहीत. तुझं मशीन घेऊन ये, खोली आहे मोकळी." बायको म्हणायची, "बघू. आधी तळ्यावर जाऊन येऊ." काटेसाहेबांच्या कानावर हे पडायचं, पण ते त्यांच्या मनातल्या काट्यावर चढेपर्यंत त्याचं वजन शून्य व्हायचं.

नवी हिच बसली. आता निघायला हरकत नव्हती. पण दुकानदाराने जाता जाता एक काडी टाकली. "साहेब, हिच कितीही भारी लावा, जिभेवर वजन नसेल तर मागचं डोलणारच." जीभ म्हणजे कॅम्परचा पुढचा निमुळता भाग, जो गाडीच्या हिचवर टेकतो. सामान सगळं मागे भरलं आणि जीभ हलकी राहिली, की मागचं ढुंगण नाचायला लागतं.

काटेसाहेबांनी हे घरी येऊन मोठ्या गंभीरपणे सांगितलं. "जिभेवर वजन पाहिजे. जीभ हलकी असली की सगळा संसार रस्त्यावर."

"हे मी लग्न झाल्यापासून म्हणतेय," बायको म्हणाली.

काटेसाहेबांनी जीभ मोजली आणि ती हलकी भरली. जिभेवर सामानाची एक पेटी होती. त्या पुढच्या पेटीत ठेवायला काहीतरी आटोपशीर आणि जड पाहिजे होतं. दगड? दगड शोभत नाही. ते घरभर हिंडले. ज्या वस्तू उचलत, त्या घेऊन न्हाणीघरात जात. अखेर शिवणाच्या कोपऱ्यात येऊन थांबले. बायकोचं हाताने चालवायचं मशीन, बिडाचं, आईकडून आलेलं. त्याच्याशेजारी कात्र्या, गजपट्ट्या आणि कापडं भरलेली लोखंडी पेटी. आणि ती जुनी भली मोठी इस्त्री. तिन्ही मिळून आकडा जमला.

त्यांनी मशीन उचललं तेव्हा बायको दारात उभी होती. तिच्या तोंडावर जे उजळलं ते काटेसाहेबांनी बघायला हवं होतं.

"मशीन घेताय? माझ्यासाठी? तळ्याकाठी बसून शिवायला?"

"वजनासाठी," काटेसाहेब म्हणाले. "पुढच्या पेटीत. जरा दार धर."

तिने दार धरलं.

आणि मग ते वजनकाट्यावर गेले. न्हाणीघरातल्या नव्हे, ट्रक चढतात त्या मोठ्या काट्यावर. कॅम्पर आधीच्या खेपेत मोजून घरी ठेवला होता, तो नीट होता. जीभ नीट होती. राहिली गाडी. प्रत्येक गाडीला किती भार झेपतो याची एक मर्यादा असते, आणि ती गाडीच्या दारावर लिहिलेली असते. काटेसाहेबांनी टाकी भरली, सामान भरलं, बायकोला शेजारी बसवलं, गाडी काट्यावर घेतली आणि दारावरच्या आकड्यातून जिभेचा भार वजा करून उरलेला आकडा काट्यावरच्या माणसाला सांगितला.

काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं काढलं. "जास्ती भरतंय, साहेब."

"अशक्य!" काटेसाहेब खाली उतरले. आकडा बघितला. खरंच जास्ती भरत होतं. नव्या हिचचं वजन धरलं. जिभेचं धरलं. पेट्रोल, पाणी, स्वतः, बायको, तिची बिनशालीची पिशवी. बेरीज करून ते पुन्हा पुन्हा दारावरच्या आकड्याशी ताडून बघू लागले.

"अहो," बायको आतून म्हणाली, "पण ते मागे—"

"जरा गप्प बस गं. बोललं की आकडा चुकतो."



"एक काम करा," काट्यावरचा माणूस कंटाळून म्हणाला. त्याच्या मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. "एक माणूस उतरवा. मग बसतंय."

काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. गाडीत दोनच माणसं होती आणि त्यातला एक गाडी चालवणार होता. ती दार उघडून उतरली. सहलीसाठी म्हणून घेतलेले पांढरे कापडी बूट सिमेंटच्या धुळीत टेकले. काट्यावरचा आकडा खाली घसरला, जरा थरथरला आणि स्थिर झाला.

"बरोब्बर!" काटेसाहेब ओरडले. त्यांनी आनंदाने चक्क टाळी वाजवली. "बघ, बघ! तू नसलीस की अगदी बरोब्बर बसतंय!"

ते काय बोलून गेले ते काट्यावरच्या माणसालाही कळलं. त्याने डोकं आत घेतलं. बायको धुळीत उभी राहून आकड्याकडे बघत होती.

घरी येताना ती गाडीत बसली होती, कारण कॅम्पर त्या वेळी मागे नव्हता. खड्डा आला, मागे खडखड झाली. बायकोने काटेसाहेबांकडे बघितलं. काटेसाहेब शीळ घालत होते.

"तू बसनं ये," रात्रीच्या जेवणावर त्यांनी जाहीर केलं. "तळ्यापर्यंत बस जाते. मी तिकीट काढून आणलंय, खिडकीची जागा. आरामात ये. आपण तिकडे भेटू."

"बरं," बायको म्हणाली.

हा शब्द काटेसाहेबांना भारी आवडायचा. ऐकायला छान, आणि वजनाला काहीच नाही.

सकाळी ते अंघोळीला गेले असताना बायको रिक्षाने गेली. "निघते हो," असं ती दारावर टकटक करून म्हणाली. त्यांनी आतून "हं" केलं. मग सावकाश नाश्ता केला, कॅम्पर जोडला, नव्या हिचच्या कड्या घट्ट केल्या, दिवे तपासले. पुढची पेटी उघडून पाहिली नाही. ती त्यांनी आदल्या दिवशी तपासली होती, आणि काटेसाहेबांनी एकदा शिक्का मारला की तो मारला.

गावातल्या रस्त्यावर सगळं झकास होतं. हमरस्त्याला लागले, वेग घेतला, आणि आरशात त्यांना कॅम्परचं ढुंगण जरासं डावीकडे गेलेलं दिसलं. मग उजवीकडे. वाऱ्याने असेल, ते स्वतःशी म्हणाले. मग एक मालट्रक बाजूने गेला आणि कॅम्परच्या अंगात आलं. स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. काटेसाहेबांना उशा दिसल्या, चप्पल दिसली, अर्धवट विणलेलं स्वेटर दिसलं. "अगं, अगं, अगं!" ते शेजारच्या मोकळ्या सीटला ओरडले. मग कसाबसा ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, दात आवळून त्यांनी गाडी हळू होऊ दिली आणि ती रस्त्याच्या कडेला आणून उभी केली.

मग ते उतरले. हिच तपासली. कडी जागेवर, दांडे जागेवर, सगळं पक्कं. मग पुढची पेटी उघडली.

आत काहीच नव्हतं. मशीन नव्हतं, लोखंडी पेटी नव्हती, इस्त्री नव्हती. तळ फडक्याने स्वच्छ पुसलेला होता.

काटेसाहेबांनी फोन लावला.

"मशीन कुठाय?"

"माझ्यापाशी," बायको म्हणाली. मागे बसचा आवाज येत होता. "सीटखाली ठेवलंय."

"आठ दिवसांच्या सहलीला मशीन कशाला लागतं तुला?"

"सहलीला नाही लागत."

काटेसाहेबांना ते कळायला जरा वेळ लागला. बस तळ्यापर्यंत जाणारी होती खरी, पण धाकट्या मेहुणीचं गाव त्याच वाटेवर होतं. आणि बसमधून मधेच उतरता येतं.

"अगं, पण कॅम्पर डोलला! भयंकर डोलला! मरता मरता वाचलोय मी!"

"काय?" तिचा आवाज एकदम चिरकला. "लागलं का कुठे? अहो, बोला ना, लागलं का?"

"नाही. लागलं नाही."

हे एवढं तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मशीन माझं म्हणून घेतलं. ते तुमचं वजन होतं हे डोक्यातच आलं नाही. तिथेच थांबा. पुढे काहीतरी जड ठेवा, मगच निघा."

"इथे माळावर जड कुठून आणू?"

"डिकीत आहे ना. त्या तुमच्या तीन जुन्या."

काटेसाहेबांनी वळून डिकीकडे पाहिलं.

"गोणपाटाखाली," ती म्हणाली. "काट्यावर त्या गाडीतच होत्या."

आता ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या पारड्याखालचं मेण शोधलं, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या तिघींचं वजन त्यांना पाठ होतं. बेरीज त्यांच्या मनात नको म्हणताना होऊन गेली, आणि ती जवळपास बायकोइतकीच भरली.

"तू सांगायचं नाहीस का मला?"

"तिथे सांगत होते. तुम्ही म्हणालात, आकडा चुकतो." बसने कुठेतरी गिअर बदलला. "मग म्हटलं, घरी जाईपर्यंत आठवेल तुम्हाला. खड्ड्यात वाजलं तेव्हा वाटलं, आता आठवेल. रात्री जेवताना वाटलं. तुम्ही तिकीट काढून आणलं होतं."

"मग आता?"

"आता काही नाही. माझं गाव आलं वाटतं. सावकाश चालवा हं." आणि तिने फोन ठेवला.

काटेसाहेबांनी डिकी उघडली. गोणपाट बाजूला केलं आणि एकेक करून तिन्ही जुनी धुडं कंबर धरत पुढच्या पेटीत नेऊन ठेवली. ती तिथे छान बसली. सदरा वंगणाने माखला. मग ते गाडीत बसले आणि, तिथेच थांबून करायचं तरी काय म्हणून, निघाले.

कॅम्पर डोलला नाही. मालट्रक गेला, बस गेली, वारा आडवा सुटला, तरी तो आज्ञाधारकपणे सरळ मागे येत राहिला. काटेसाहेबांनी वेग वाढवून बघितला. जरासुद्धा हलला नाही. "बघ," ते म्हणाले आणि शेजारी वळले.

सीटवर तिची शाल होती. न्हाणीघरातून काढून आणून त्यांनीच तिथे टाकली होती. तळ्यावर गार असतं म्हणून, तिला द्यायला. तेवढं वजन त्यांनी काट्याच्या नकळत चोरलं होतं, नोकरीतही कधी चोरलं नव्हतं ते. पण हे तिला सांगायचं राहून गेलं होतं.

मेहुणीच्या गावाचा फाटा आला. मागे कॅम्पर असला की तिथे वळता येत नाही, वाट अरुंद आहे. काटेसाहेबांनी वेग कमी केला, फाट्याकडे पाहिलं आणि सवयीने हिशेब मांडला. डिकी आता मोकळी होती. टाकी, पाणी, पिशव्या, स्वतः. पुन्हा मांडला. गाडीत आता एका माणसाचं वजन अगदी आरामात बसत होतं.